जड माउंटन बाइक सीटपोस्टला टांगायची असेल तर

साधी माउंटन बाइक 13 ते 16 किलोंची, बॅटरीवाली 22 ते 25 किलोंची. चेन धुवायला, गिअर लावायला ती जमिनीवरून उचलून टांगावी लागते आणि पकडायला सगळ्यात योग्य जागा म्हणजे सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते ती. फ्रेमच्या नळ्या पातळ असतात. दुरुस्तीच्या स्टँडचा (बाइक उचलून धरणाऱ्या खांबाचा) जबडा त्यांच्यावर आवळला तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बन तडकू शकतो.

पण सीटपोस्ट बनवलेला असतो तो वरून येणारा भार पेलायला. बाइक टांगली की तोच भार उलटा होतो, पोस्टला फ्रेममधून बाहेर ओढू लागतो. त्याला अडवते ती फक्त सीट-क्लॅम्पच्या (फ्रेमच्या तोंडाशी पोस्टभोवती बसणाऱ्या कड्याच्या) छोट्या बोल्टने आवळलेली पकड. म्हणून मी सुरुवात नेहमी त्या बोल्टपासून करतो.

पोस्टवर कमीत कमी किती भाग आत हवा हे दाखवणारी खूण कोरलेली असते. ती फ्रेमच्या आतच असायला हवी. बाहेर दिसत असेल तर आधी पोस्ट खाली घ्या. मग क्लॅम्पवर छापलेल्या आकड्याइतका बोल्ट आवळा. हा आकडा बहुतेक वेळा 5-6 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरच लावणारा पाना) वापराच, विशेषतः कार्बन असेल तर. धातूच्या पोस्टला ग्रीस लागते, कार्बनच्या पोस्टला बारीक कण असलेली कार्बन पेस्ट. कार्बनला ग्रीस लावले तर तो घसरतो आणि मग माणूस बोल्ट नको इतका पिळत बसतो. बोल्टऐवजी हाताने बंद करायचा खटका असेल तर तो बंद करताना तळहातावर वळ उमटला पाहिजे, इतपत घट्ट हवा.

आता एक छोटी युक्ती, जी मी कधीच टाळत नाही. क्लॅम्पच्या अगदी वर, त्याला टेकवून, पोस्टभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्या. बाइक टांगून पाच-दहा मिनिटांनी पाहा. पट्टी आणि क्लॅम्प यांच्यात नखाएवढीही फट दिसली तर पोस्ट बाहेर सरकतो आहे. लगेच खाली उतरवा.

ड्रॉपर पोस्ट असेल तर

ड्रॉपर म्हणजे चालवताना बटण दाबून सीट खाली-वर करता येणारा पोस्ट. इथे घाई करू नका. ड्रॉपरची वरची चकचकीत नळी आत-बाहेर सरकते. तिच्यावर जबडा लावला की ओरखडा पडतो आणि आतले सील खराब होते. पकडायची ती खालची, न हलणारी जाड नळी. ती फ्रेममध्ये पूर्ण बुडालेली असेल आणि जबड्याला जागा नसेल, तर पोस्ट थोडा वर घ्यावा लागतो. पण आतून आलेली केबल ताणली जाते, तेव्हा हँडलच्या बाजूने ती हळूहळू आत ढकलत राहा.

दुसरी गोष्ट, टांगण्याआधी सीट पूर्ण वर आणा. सीट खाली दाबलेल्या अवस्थेत बाइक सीटने उचलली तर तेलावर चालणाऱ्या ड्रॉपरमध्ये हवा शिरू शकते. माझ्या बाइकवर हेच झाले. रात्रभर सीट खाली करून टांगली होती, सकाळी बसलो तर सीट दोन सेंटिमीटर खचत होती, स्पंजासारखी. पूर्ण पोस्ट उघडून दुरुस्त करावा लागला.

उचलण्याआधी बाटली, हत्यारांची पिशवी, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. बॅटरीचेच वजन तीन-चार किलो असते. स्टँडचा जबडा फडक्याने पुसून घ्या, रेतीचा एक कणही पोस्ट खरवडतो. पोस्टला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तर उत्तम. स्टँडचे पाय, बाइक ज्या बाजूला येणार त्याच बाजूला पसरलेले हवेत. एक हात सीटखाली, दुसरा फ्रेमच्या वरच्या नळीवर, गुडघे वाकवून उचला. बॅटरीवाल्या बाइकला दोन माणसे लागतातच: एकाने धरायची, दुसऱ्याने जबडा आवळायचा.

छताला टांगणार असाल तर हूक स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने किंवा लाकडी तुळईच्या मधोमध बसवा. नुसत्या प्लास्टरवर किंवा फॉल्स सीलिंगवर कधीच नाही. हूकची क्षमता बाइकच्या वजनाच्या किमान चौपट असू द्या, कारण काम करताना धक्के बसतात. पट्टा पोस्टभोवती, सीटच्या अगदी खाली गुंडाळा. तो वर सरकून सीटच्या सळ्यांखाली अडकतो आणि तिथेच बसतो. ड्रॉपर असेल तर चकचकीत नळीऐवजी तो दोन्ही सळ्यांखालून घ्या. सीटच्या टोकाला अडकवू नका, तो सटकतो. नंतर पाय जमिनीवर ठेवून पट्ट्यावर हळूहळू आपले वजन टाकून पाहा.

नुसत्या सीटवर भागत नाही

बाइकचा गुरुत्वमध्य सीटखाली नसतो, क्रँकच्याही (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या जागेच्या) जरा पुढे असतो. 15 किलोंची बाइक आणि पकडीपासून 30 सेंटिमीटर अंतर धरले तर जबड्यावर सुमारे 44 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. त्यामुळे जबड्यात पोस्ट फिरतो आणि पुढचे चाक खाली झुकते. पट्ट्याला टांगलेली बाइक तर गुरुत्वमध्य पट्ट्याच्या बरोबर खाली येईपर्यंत फिरते. जबडा आणखी आवळणे हा यावरचा उपाय नव्हे. हँडलच्या स्टेमपासून (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या आखूड तुकड्यापासून) स्टँडला किंवा छताच्या दुसऱ्या हूकला एक पट्टा बांधा. सीट भार घेते, हा पट्टा बाइक समतोल ठेवतो. पुढचे चाकही फ्रेमच्या खालच्या नळीला बांधून टाका, नाहीतर हँडल गर्रकन फिरून वरच्या नळीवर आपटते.

गिअर, चेन, ब्रेक ही कामे अशी टांगून निवांत करा. अडकलेले पेडल किंवा क्रँकचा बोल्ट सोडवायचा असेल तर मात्र बाइक जमिनीवर घ्या, तो जोर सीटपोस्टवर टाकण्यासारखा नाही. चाक काढले असेल तर डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला.

उतरवताना एका हाताने फ्रेम घट्ट धरा, आधी पुढचा पट्टा सोडून चाक सावकाश टेकवा, मगच जबडा सोडा. निघण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबा. बाइक बराच वेळ तिरकी टांगलेली असेल तर लिव्हर मऊ लागू शकतो. तसे वाटले तर ती थोडा वेळ सरळ उभी ठेवून लिव्हर पुन्हा दाबा. कडक झाल्याशिवाय चालवायला काढू नका.