पाणबुडी बांधायची आहे? आधी वजनाची वही उघडा

पाणबुडी बांधतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती खोल जाते? या छंदात उतरू पाहणारेही तेच विचारतात. मी उलट विचारतो, वजन किती भरतं? त्यावर बहुतेक जण गप्प होतात.

हिशोब शाळेतल्या आर्किमिडीजचाच आहे. २ घनमीटर जागा व्यापणारी पाणबुडी गोड्या पाण्यात २००० किलो पाणी बाजूला सारते. पाण्याखाली तोलून राहायचं तर माणूस, बॅटऱ्या, हवेच्या टाक्या धरून तिचं वजनही २००० किलोच भरायला हवं. आत ऐसपैस बसायची हौस केली की तेवढं शिसं तळाशी लादावं लागतं, मग ते ओढायला दणकट ट्रेलर आणि उतरवायला क्रेन. शिवाय समुद्राचं पाणी जड. तळ्यात नेमकी तोललेली हीच पाणबुडी समुद्रात सुमारे ५० किलोंनी हलकी पडते आणि बुडायलाच तयार होत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही घाला. पत्रा, नट-बोल्ट, रंग, वायरी, अगदी तुमचे बूटसुद्धा काट्यावर ठेवून लिहायचे. वस्तू पुढच्या टोकापासून किती अंतरावर आणि तळापासून किती उंचीवर बसणार, तेही. नुसती बेरीज जुळून भागत नाही. गुरुत्वमध्य (जिथे सगळं वजन एकवटतं) प्लावनमध्याच्या (जिथे पाण्याचा वर ढकलणारा जोर एकवटतो) खाली राहिला नाही तर पाणबुडी कलंडते. कंटाळवाणं काम आहे, पण ज्याला ते जमत नाही त्याने वेल्डिंग मशीन विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

प्रकार तीन. पहिल्यात डायव्हिंगचा पोशाख घालून पाण्यातच बसायचं. कवच फक्त पाणी कापण्यापुरतं. दुसऱ्यात आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवतात. तिसऱ्यात आपल्याभोवती जमिनीवरचीच हवा आणि सगळा दाब कवच सोसतं. दुसरा प्रकार स्वस्त म्हणून नवख्यांना भुरळ घालतो. पण त्यात डायव्हरला असलेले सगळे धोके येतात आणि वर येताना हवा प्रसरण पावून तोल बिघडवते तो वेगळाच. मी सुरुवातीला तो सुचवत नाही.

तिसरा प्रकार निवडलात तर स्वतःची अक्कल कवचावर चालवू नका. अमेरिकी नौदलातले निवृत्त कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांनी के-२५० आणि के-३५० ही छोट्या पाणबुड्यांची डिझाइन्स केली. आकडे म्हणजे फुटांतली खोली. अशा पारखलेल्या आराखड्यांचा नीट अभ्यास करा. दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो आणि पोलादी नळकांडं त्याला तोंड देतं ते गोलाईच्या जोरावर. दाबाच्या टाक्यांच्या नियमांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास यांतला फरक एक टक्क्याच्या आत ठेवायला सांगतात. इथे मात्र कमी तेवढा बरा, कारण चेपलेल्या जागीच कवच आत दुमडतं. त्याचं वेल्डिंग प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्या, मग तुमचा हात कितीही साफ असो. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना स्पिरिट किंवा थिनर लावू नका, बारीक तडे जातात. आणि कार्बन फायबरचं नाव काढणाऱ्याला मी फक्त १८ जून २०२३ या तारखेची आठवण देतो. कार्बन फायबरच्या कवचाची टायटन पाणबुडी त्या दिवशी पाच माणसांसह चिरडली. कुठल्याही वर्गीकरण संस्थेने, म्हणजे जहाजं-पाणबुड्या तपासून दाखला देणाऱ्या संस्थेने, तिला प्रमाणित केलेलं नव्हतं.

मोटारींवर फार डोकं खपवू नका. मासेमारीच्या होड्यांच्या विजेच्या मोटारी, पाणी आत शिरू नये म्हणून तेल भरून, कित्येक जण वापरतात.

हवेचं गणित मात्र अनेकांना उलटं वाटतं. आत १ घनमीटर मोकळी हवा धरा. शांत बसलेला माणूस तासाला ढोबळमानाने २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाभरात त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर. ऑक्सिजन तेव्हाही १८ टक्क्यांच्या वर असतो. जीव आधी घाबरा होतो तो ऑक्सिजन संपल्याने नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचल्याने. त्यामुळे सोडालाइम (कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे दाणे) भरलेला स्क्रबर, म्हणजे हवा शुद्ध करणारा डबा, आणि त्यातून हवा फिरवणारा पंखा, ही चैन नाही. अडकून पडलात तर तीन दिवस पुरेल इतका ऑक्सिजन आणि सोडालाइमचा साठा ठेवायची पद्धत आहे. ऑक्सिजनच्या जोडण्यांना ग्रीस चुकूनही नको, आग लागते.

दार उघडून बाहेर पोहत येऊ, हा विचार सोडा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या हॅचवर १० मीटर खोलीला पावणेतीन टनांच्या आसपास जोर असतो. आतून हाताने सोडता येईल असं पडतं वजन तळाला लावा, म्हणजे ते सोडताच पाणबुडी हलकी होऊन वर येते. वीज गेली तरी ते सुटलं पाहिजे.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील तर रिमोटवर चालणारं मॉडेल बनवा. नेहमीचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्यात काही सेंटिमीटरांतच गप्प होतो, तेव्हा जुना कमी फ्रिक्वेन्सीचा शोधा. तोही गोड्या पाण्यातच चालतो. बॅलास्ट टाकी (पाणी भरून बुडायची, काढून वर यायची टाकी) आणि तोल समजायला टबसुद्धा पुरतो. सोबत स्कूबा शिका आणि कुणाच्या तरी पाणबुडीला काठावरून, होडीतून मदत करा. लाटेवर हॅच उघडी असताना पाणी आत येणं, ओढताना दोर अडकणं, असल्या गोष्टी कागदावर कळत नाहीत.

स्वतःची तयार झाली की पहिल्यांदा ती रिकामीच जाते. दोराने ठरलेल्या खोलीच्या सव्वापट खाली सोडायची, तिथे ठेवायची, वर काढून प्रत्येक ओ-रिंग (फटीतून पाणी शिरू न देणारी रबरी कडी) आणि आतला तळ कोरडा आहे का ते बघायचं. नंतर माणूस बसवायचा तोही अशाच पाण्यात, जिथला तळ कवचाच्या ठरलेल्या खोलीपेक्षा वर आहे.