विमानातले सुखद धक्के आणि त्यांची पूर्वतयारी

शेजारची सीट रिकामी निघणं किंवा इकॉनॉमीच्या तिकिटावर बिझनेस क्लास मिळणं, याला नशीब लागतंच. पण विमान कसं भरतं हे ठाऊक असेल, तर नशिबाला हातभार लावता येतो.

तीन सीटच्या रांगेतली मधली सीट कोणी आपणहून घेत नाही. दोघं असाल तर मागच्या भागात एकाने खिडकीची, दुसऱ्याने कडेची सीट घ्यावी. मधली बहुधा शेवटी जाते. गेलीच तर त्या प्रवाशाला खिडकी देऊ करा, तो नाही म्हणणार नाही. एकटे असाल तर जिथली खिडकी आधीच गेली आहे, अशा रांगेतली कडेची सीट धरा. ऑनलाइन चेक-इन सहसा 24 ते 48 तास आधी उघडतं. तेव्हा आणि निघण्याच्या तासभर आधी सीटचा नकाशा पुन्हा पाहा. ऐनवेळी विमान बदललं तर निवडलेली सीटही बदलते, आणि ते कळवलं जाईलच असं नाही. शिवाय नकाशातली रिकामी सीट म्हणजे न विकलेली सीट नव्हे; पुष्कळ जण सीट निवडतच नाहीत. जागा बदलायची असेल तर दार बंद झाल्यावर आणि कर्मचाऱ्यांना विचारूनच, कारण लहान विमानात वजनाचा तोल सीटनुसार मोजलेला असतो.

काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून बऱ्याच कंपन्या आहेत त्यापेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की दोन गोष्टी घडतात. बिझनेसमध्ये जागा असेल तर इकॉनॉमीतले काही जण वर सरकवले जातात. बहुतेक वेळा आधी कंपनीच्या नियमित प्रवाशांच्या योजनेतले वरच्या श्रेणीचे सदस्य, मग महाग तिकीटवाले. कडक इस्त्रीच्या कपड्यांचा उपयोग फारसा होत नाही. सदस्य क्रमांक बुकिंगमध्ये नोंदवलेला असला पाहिजे, आणि एकट्या प्रवाशाला हलवणं कुटुंबाला हलवण्यापेक्षा सोपं.

वर जागा नसेल तर सीट सोडायला कोण तयार आहे, अशी विचारणा होते. हाताशी वेळ असेल तर गेटवर कर्मचारी येताच नाव देऊन ठेवा. होकार देण्याआधी मात्र नीट विचारा: पुढच्या विमानात पक्की सीट आहे की वेटिंग? मोबदला रोख की व्हाउचर, आणि व्हाउचरची मुदत किती? मुक्काम पडला तर हॉटेल, जेवण आणि तिथवरची गाडी कोणाकडे? दिलेली बॅग कुठे जाईल? ठरेल ते लेखी घ्या. मुदत संपलेलं व्हाउचर म्हणजे निव्वळ कागद.

कंपनीने उड्डाणाची वेळ बरीच बदलली, तर चिडण्याआधी त्या दिवसाची इतर उड्डाणं पाहा. अशा वेळी अनेक कंपन्या जादा पैसे न घेता दुसरं उड्डाण देतात. फोन करताना हव्या त्या उड्डाणाचा क्रमांक तयार ठेवा.

गच्च भरलेल्या विमानात केबिन बॅग गेटवरच फुकट सामानात टाकायला सांगतात. हात मोकळे होतात, पण त्याआधी पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढा. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात चालत नाहीत. तिथे आग लागली तर हाताने विझवता येत नाही.

आणि एक धक्का अगदी फुकटचा: इंद्रवज्र. खालच्या ढगावर विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळं. ती नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला दिसतात, म्हणून उन्हाच्या उलट बाजूची खिडकी हवी. सकाळी उत्तरेकडे जाताना डावी, संध्याकाळी उजवी. खिडकी पंखाच्या पुढची घ्या. पंखामागे इंजिनातल्या गरम हवेने दृश्य थरथरतं. चढताना आणि उतरताना, ढग जवळ असतात तेव्हा सावली ठसठशीत दिसते. फार उंचावर ती विरून जाते, वर्तुळं तेवढी उरतात. फोन काचेला जवळजवळ टेकवा, फ्लॅश बंद ठेवा. फोटोत वर्तुळांचा मध्य सावलीच्या ज्या भागावर पडलेला दिसेल, तिथेच तुमची सीट.