रीसस माकडाच्या लाळेतलं आयजीए: रिकामे वेलही निळे

आयजीए ही लाळेतली अँटिबॉडी, एलायझा ही ती रंगावरून मोजायची चाचणी. त्यात लाळ न घातलेले वेलही (प्लेटमधले खळगे) टीएमबी (निळा रंग देणारं द्रावण) टाकताच निळे व्हायचे. जास्त धुतलं, डिटेक्शन अँटिबॉडी (आयजीएला चिकटून ते दाखवणारी) निम्मी केली, टीएमबी बदललं. दोन आठवडे पाण्यात.

दोष ब्लॉकिंगच्या, म्हणजे वेलमधली मोकळी जागा झाकायच्या, स्किम मिल्कचा. त्यात गाईचं आयजीए असतं. शेळीतली माकड-आयजीएविरोधी डिटेक्शन अँटिबॉडी त्यालाही चिकटते. शिवाय दुधातलं बायोटिन हे जीवनसत्त्व, बायोटिनलाच पकडणाऱ्या चाचणीतल्या स्ट्रेप्टाविडिन प्रथिनाला नडतं.

आधी लाळ ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला (गुरुत्वाच्या १०,००० पट) १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी घ्या. म्युसिनच्या (लाळेतल्या चिकट प्रथिनाच्या) तारा तळाशी राहतात. मग पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) १ टक्का इम्युनोग्लोब्युलिनमुक्त (अँटिबॉडी नसलेलं) बीएसए, म्हणजे गाईच्या सीरमचं अल्ब्युमिन, आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० हा डिटर्जंट घालून १ तास ब्लॉक करा. अँटिबॉडी आयजीएच्या आल्फा साखळीलाच चिकटणारी, गाईच्या सीरमवर शोषलेली (गाईच्या प्रथिनांना चिकटणारा भाग काढलेली) घ्या आणि याच द्रावणात विरळ करा. अझाइड हे जंतुरोधक नको, त्याने एचआरपी (टीएमबीला निळं करणारं एन्झाइम) मरतं. पुण्याच्या मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’वर विसंबू नका, २५ अंशांचा इन्क्युबेटर लावा.