फुटक्या माठाचं पक्ष्यांसाठी न्हाणीघर

मार्च उजाडला की सगळीकडे पक्ष्यांसाठी पाणी ठेवा पाणी ठेवा सुरू होतं. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, २०१०पासून साजरा होतो आणि ती कल्पना आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीची, तर त्या दिवशी वाट्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे खरी गरज असते तेव्हा, त्यातल्या अर्ध्या कोरड्या पडलेल्या असतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वाटी ही प्यायला ठीक आहे हो, पण पक्ष्यांना आंघोळही लागते. पिसं साफ राहिली तर उडणं नीट होतं, आणि आमच्या अकोल्यासारख्या ठिकाणी जिथे पारा मे महिन्यात ४५च्या आसपास खेळतो तिथे पक्ष्यांना घाम तर येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकत बसतात बिचारे, त्यामुळे अंग ओलं करायला मिळणं ही चैन नाहीये.

विकत काही आणायची गरज नाही. उन्हाळ्यात प्रत्येक घरात एक तरी माठ असा असतो की जो गळ्यापाशी तडकलाय किंवा जुना झाल्यामुळे पाणीच गार करत नाही (क्षार बसून त्याची छिद्रं बुजलेली असतात), आणि तो टेरेसवर नाहीतर जिन्याखाली पडून असतो. तोच घ्यायचा. फक्त बूड शाबूत आहे ना ते बघा, तडा खालपर्यंत गेला असेल तर सोडून द्या, चिकटवत बसू नका.

माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, ओला माठ कापताना धूळ कमी उडते. बुडापासून चार बोटं वर खडूने गोल रेघ मारा आणि त्या रेघेवरून कापा. फरशीवाल्याकडे कटर असतो, ओळखीचा असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर हॅक्सॉ ब्लेडने हळूहळू, माठ फिरवत फिरवत, घाई केली की तुकडा उडतो. तोंडाला रुमाल बांधा. कड वेडीवाकडी आली तरी चालेल, पण धारदार राहायला नको कारण पक्षी बसणार आहे ते त्याच कडेवर, म्हणून कानशीने नाहीतर जाड पॉलिश पेपरने घासून बोथट करा.

आता हे बूड गोल असतं, जमिनीवर डुगडुगणार. माठाची जुनी तिवई असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर एखादी मोठी मातीची कुंडी घ्या, वाळूने भरा आणि त्या वाळूत बूड दाबून बसवा. मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते कारण माठाची छिद्रं पार बुजलेली नसतील तर त्यातून थोडं पाणी झिरपतं, वाळू ओली राहते आणि वरचं पाणी रांजणासारखं गार राहतं. कुंडीचं खालचं भोक मात्र उघडं ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, खोली. चिमणी, बुलबुल, दयाळ हे काही पोहणारे पक्षी नाहीत, त्यांना पाय टेकले पाहिजेत. कडेला अर्धा इंच आणि मधे जास्तीत जास्त दोन इंच, बस. बुडाची खोली त्यापेक्षा जास्त असणार, म्हणून आत शहाबादी फरशीचे तुटके तुकडे पायऱ्यांसारखे रचा, खरखरीत बाजू वर करून, म्हणजे पक्षी कडेवरून एकेक पाऊल आत उतरतो. सिमेंट-वाळूचा पातळ उतारही देता येतो (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, वरून खराट्याने ओरखडे), पण मग आठवडाभर त्याच्यावर पाणी मारावं लागतं आणि ते चुन्याचं पाणी रोज फेकावं लागतं, तोपर्यंत पक्ष्यांना द्यायचं नाही. मी म्हणतो फरशीच बरी, काढून धुता येते.

माठ नसेल तर कुंडीखालची मातीची मोठी बशी उत्तम, तिला काही करावंच लागत नाही, एक चपटा दगड मधे ठेवा झालं. स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची जुनी परात चालते पण गुळगुळीत असते, पाय घसरतात, आणि उन्हात चटका बसेल इतकी तापते, त्यामुळे ती फक्त सावलीत आणि आत दगड अंथरूनच. पोपडे निघालेला नॉनस्टिक तवा नको, रंगाचे डबे नकोत. आणि ते नेटवर दिसतात ना, चिनी मातीचे कपबशा एकावर एक चिकटवून केलेले, ते दिसायला छान, पण बशीएवढ्या जागेत साळुंकीला पंखही पसरता येत नाहीत. ते शोकेसमधेच शोभतात.

कुठे ठेवायचं? दुपारी सावली येते अशा जागी, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, म्हणजे जुनं स्टूल, विटांचा चौथरा काहीही. मांजराचा विचार करा. दाट झुडपाला खेटून ठेवलं तर मांजर तिथेच दबा धरून बसतं, पार उघड्यावर ठेवलं तर पक्षी यायला बिचकतात, कारण ओल्या पंखांनी पटकन उडता येत नाही. सात-आठ फुटांवर एखादी फांदी असली की बरोबर. फ्लॅटवाल्यांनी ग्रिलच्या आतच ठेवा, कठड्यावर अजिबात नाही, खाली कुणाच्या डोक्यात पडलं तर केवढ्याला जाईल. टांगायचं असेल तर जीआय तारेने (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) टांगा, सुतळी उन्हापावसात कुजते आणि नायलॉनच्या दोऱ्यात पाय अडकतात.

पक्षी येत नाहीत अशी तक्रार असेल तर थेंब पाडून बघा. एक लिटरची बाटली वर टांगायची आणि मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणून (वापरलेला नको) त्याच्या चाकाने धार कमी करत करत थेंबावर आणायची. हलणारं पाणी त्यांना लांबूनही लगेच कळतं. नवीन जागेची सवय व्हायला काही दिवस ते काही आठवडेही लागतात, तोवर भांडं रोज इकडून तिकडे हलवू नका.

आता कंटाळवाणा भाग, ज्यावर सगळं अवलंबून आहे. पाणी रोज बदलायचं. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंत साधारण ७ ते १० दिवसांत होतं, आणि त्याची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भरलं असं नाही चालत, नारळाच्या शेंडीने कडा खसाखसा घासायच्या. साबण नाही, विम नाही, त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल जातं. शेवाळ फार धरलं तर उकळतं पाणी ओता आणि दिवसभर कडक उन्हात पालथं घाला. कावळे शिळ्या पोळीचे तुकडे, कधी हाडंसुद्धा आणून पाण्यात भिजवतात, तेव्हा दिवसातून दोनदा धुवावं लागतं, त्याला इलाज नाही.

पाणी नळाचं साधं. आरओचं फेकायचं पाणी भांडं घासायला वापरा पण भरायला नको, क्षार बसतात. एसीचं पाणीही नको. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, तरी फरशा टाकल्यावर यात दीड-दोन लिटरच पाणी बसतं आणि काढलेलं कुंड्यांना जातं, वाया काही जात नाही.

शेजारी दाणे टाकायचा मोह आवरा. दाणे टाकले की कबुतरं येतात, मग विष्ठा पाण्यात आणि सोसायटीत भांडणं, २०२५मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढा वाद झाला ते बघितलंच सगळ्यांनी. नुसतं पाणी असलं तरी बुलबुल, होले, साळुंक्या येतात, सातभाई तर अख्खी टोळी घेऊन येतात आणि निम्मं पाणी बाहेर उडवतात. शिंजीर मात्र भांड्यात क्वचितच उतरतो, त्याला पानांवरचं पाणी आवडतं, म्हणून झाडांना पाणी घालताना जास्वंदीवर पाईपचा फवारा मारायचा.

माठाचा वरचा गळ्याकडचा भाग उरला असेल तर तो टाकू नका. जमिनीवर उलटा ठेवून त्यात चाळलेली कोरडी माती भरा, दोन-तीन इंच. चिमण्यांना मातीत लोळायलाही लागतं. हे मात्र पाण्यापासून चार हात लांब, नाहीतर सगळा चिखल, आणि पहिला पाऊस आला की उचलून आत.