जाहिरातींवर चालणाऱ्या साइटसाठी कीवर्ड कसे निवडावेत: शेतीविषयक मराठी साइटचा अनुभव

या कामात नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: सर्वांत जास्त सीपीसी कोणत्या कीवर्डला आहे? (कीवर्ड म्हणजे लोक गुगलवर शोधताना टाइप करतात ते शब्द, आणि सीपीसी म्हणजे जाहिरातीवरच्या एका क्लिकमागे जाहिरातदार मोजतो ती रक्कम.) विमा, कर्ज आणि वकिली सल्ला, हे उत्तर बरोबर आहे. पण एकट्याने साइट सुरू करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ‘टर्म इन्शुरन्स’ शोधून पाहा. पहिल्या पानावर विमा कंपन्या, बँका आणि मोठी वृत्तपत्रं ठाण मांडून बसलेली दिसतील. तिथे तुमचा लेख पाचव्या पानावर गेला, तर दर कितीही मोठा असो, हातात शून्यच येतं.

मी मराठीत शेतीविषयक साइट चालवतो, त्यामुळे उदाहरणं शेतीतलीच देतो. पद्धत मात्र कोणत्याही विषयाला लागू पडते.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. गुगलवर जाहिरात देणारा कीवर्डसाठी बोली लावतो. ही व्यवस्था २००० साली ‘अ‍ॅडवर्ड्स’ नावाने सुरू झाली, २०१८ पासून तिचं नाव ‘गुगल अ‍ॅड्स’ आहे. २००३ मध्ये अ‍ॅडसेन्स आलं आणि या जाहिराती आपल्यासारख्यांच्या साइटवर दिसू लागल्या. जाहिरातदार जे मोजतो त्यातले साधारण ६८ टक्के आपल्या वाट्याला येतात. २०२४ च्या सुरुवातीपासून हिशेब क्लिकऐवजी मुख्यतः जाहिरात किती वेळा दिसली यावर होतो. म्हणून आता पाहायचा आकडा आरपीएम, म्हणजे हजार पेजव्ह्यूंमागे किती मिळाले तो.

कोणता शब्द किती शोधला जातो आणि त्यावर किती बोली लागते हे दाखवणारं गुगलचं साधन, म्हणजे कीवर्ड प्लॅनर, उघडलात की दोन ठिकाणी हमखास फसगत होते. ‘स्पर्धा’ या रकान्यात ‘कमी’ दिसलं की लोक समजतात, इथे शोधात वर येणं सोपं. तो रकाना जाहिरातदारांमधली चढाओढ सांगतो. लेखांमधली चढाओढ त्यात कुठेच नसते. दुसरं म्हणजे तिथे दिसणारी बोली गुगलच्या शोधपानावरच्या जाहिरातीची असते. तुमच्या लेखात कोणती जाहिरात लागेल, हे वाचक कुठे राहतो, त्याने आधी काय पाहिलं, यावरही ठरतं. त्यामुळे चाळीस रुपये बोली दिसली म्हणून क्लिकमागे चाळीस रुपये मिळतील असं धरू नका. दोन कीवर्डची तुलना करण्यापुरताच तो आकडा वापरा.

मी ‘कांदा बाजारभाव’ आणि ‘ठिबक सिंचन एकरी खर्च’ हे दोन विषय शेजारी ठेवून पाहतो. कांद्याचा भाव रोज प्रचंड शोधला जातो. वाचक येतो, लासलगावचा भाव बघतो आणि जातो. त्याला त्या क्षणी काही घ्यायचं नसतं, त्यामुळे जाहिरातदारालाही तो फारसा नको असतो. शिवाय ते पान रोज ताजं ठेवावं लागतं. ठिबकचा खर्च शोधणारे थोडे, पण त्यांनी शेत आखलेलं असतं, पैशांची जुळवाजुळव चाललेली असते. पाइप, पंप, विद्राव्य खतं, कर्ज हे सगळे विक्रेते अशाच माणसाच्या शोधात असतात.

हिशेबासाठी कल्पित आकडे घेऊ. बाजारभावाच्या पानाला महिन्याला ५०,००० पेजव्ह्यू आणि आरपीएम १५ रुपये, तर ७५० रुपये झाले. ठिबकच्या पानाला ६,००० पेजव्ह्यू आणि आरपीएम ९० रुपये, तर ५४० रुपये. बाजारभाव जिंकला असं वाटेल. पण बाजारभावाच्या पानासाठी रोज सकाळी बसावं लागतं. ठिबकचं एकदा नीट लिहिलं की वर्षातून दोनदा दर तपासले तरी पुरतं. त्या वाचलेल्या वेळात ठिबकसारखी आणखी पानं उभी राहतात. नफा काढताना स्वतःचे तास धरलेच पाहिजेत, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात.

एकाच विषयातही शब्दागणिक वाचक बदलतो. ‘ठिबक सिंचन म्हणजे काय’ हे शोधणारा बऱ्याचदा शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती गोळा करणारा विद्यार्थी असतो. ‘ठिबक अनुदान’ शोधणारा शेतकरी असतो, पण तिथे सरकारी संकेतस्थळं आणि वृत्तपत्रं आधीच वर असतात. ‘ऊस ठिबक एकरी खर्च’ शोधणारा खरेदीच्या उंबरठ्यावर असतो, आणि त्याला सरळ उत्तर देणारी पानं फार कमी असतात. मी पाहिलं तेव्हा पहिल्या पानावर दोन व्हिडिओ, एक इंग्रजी पीडीएफ आणि एकमेकांवरून उतरवलेले तीन लेख होते. ‘खर्च पिकानुसार बदलतो’ यापलीकडे त्या तिन्ही लेखांत काही नव्हतं. अशी जागा दिसली की थांबायचं आणि तिथेच लिहायचं.

लिहायचं काय? त्या शेतकऱ्याला दुकानात जाण्याआधी जे मोजायचं आहे ते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटांवर लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली बारीक नळी, टाकली तर ८,७१२ फूट, म्हणजे साधारण २,६५० मीटर नळी लागते. चार फुटांवर टाकली तर तीच ३,३०० मीटरच्या पुढे जाते. हे गणित मांडून नळीचा मीटरचा दर, मेन आणि सबमेन (लॅटरलपर्यंत पाणी आणणारे मोठे पाइप), फिल्टर, व्हॉल्व्ह असा तक्ता द्या, दर कोणत्या महिन्यातला आहे ते लिहा. खाली अनुदानाचा परिच्छेद घ्या: केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांना आणि ४५ टक्के इतरांना, राज्याची जादा भर धरून ८० आणि ७५, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. अनुदान मंजूर खर्चमर्यादेवर मिळतं, दुकानदाराच्या बिलावर नाही, हेही स्पष्ट सांगा. असं पान लोक व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतात.

असे शब्द सापडतात कुठे? लांब मराठी कीवर्डपुढे प्लॅनर बऱ्याचदा नुसती रेघ दाखवतो. त्याचा अर्थ कुणी शोधत नाही असा घेऊ नका. गुगलच्या चौकटीत ‘ठिबक’ एवढंच टाइप करून खाली काय सुचतं ते पाहा, मग रोमनमध्ये ‘thibak’ची अक्षरं टाकून पाहा, कारण मराठी माणूस फोनवर दोन्ही तऱ्हांनी लिहितो. प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळं पान मात्र करू नका. गुगलला दोन्ही एकच आहेत हे बऱ्यापैकी कळतं. माझा सर्वांत भरवशाचा स्रोत कृषी सेवा केंद्राचा काउंटर. तिथे अर्धा तास उभं राहिलं तरी लोक कोणत्या शब्दांत काय विचारतात ते कळतं.

सरकारी योजनांबद्दल थोडं कडक बोलतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा मराठी साइटवर वाचकांचा पूर आला. हप्त्याच्या खोट्या तारखा, ‘नवीन यादी जाहीर’ असे पोकळ मथळे टाकून अनेकांनी तो लुटला. दीड हजार रुपयांची वाट बघणारी बाई ते वाचून बँकेत खेटे घालते. अशा कीवर्डवर लिहायचंच असेल तर शासन निर्णय समोर ठेवून लिहा, नाहीतर तो विषय सोडा. पूर ओसरला की ती पानं तशीही पडूनच राहतात.

इंग्रजीत लिहून अमेरिकेतला वाचक मिळवावा का, हेही विचारलं जातं. तिथे जाहिरातीचे दर खरोखर जास्त आहेत. पण तिथल्या गृहकर्जाबद्दल तुम्हाला वाचीव माहितीपलीकडे काही सांगता येत नसेल तर वेळ घालवू नका. शोधातला क्रम ठरवण्याच्या पद्धतीत २०११ मध्ये केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलापासून गुगल उथळ पानं खाली ढकलतं आहे, आणि मार्च २०२४ मध्ये तर घाऊक लेख पाडण्यालाच स्पॅम धोरणात आणलं. मराठीत दर कमी असले तरी ज्या विषयात हात मळले आहेत तिथे टिकाव लागतो.

लेख टाकण्याची वेळ हंगामावर ठरवा. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे ठिबकचा शोध उन्हाळ्यातच सुरू होतो. नव्या पानाला वर यायला काही महिने जातात, म्हणून ते जानेवारी-फेब्रुवारीत तयार हवं. जाहिरातदारांचाही हंगाम असतो: दिवाळीच्या आसपास दर चढतात, जानेवारीत उतरतात. जानेवारीत कमाई घटली म्हणून कीवर्ड चुकला असं समजून घाईने पान बदलू नका.

पान तीन-चार महिन्यांचं झालं की सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट कोणत्या शोधांत कितव्या क्रमांकावर दिसते ते सांगणारं गुगलचं साधन, उघडा आणि आठव्या ते वीसाव्या क्रमांकावर दिसणारे शोध वेगळे काढा. कोणत्याही टूलने न सुचवलेले शब्द तिथे मिळतात. माझ्या ठिबकच्या पानावर ‘ड्रीपर क्षाराने बंद झाले तर’ अशा अर्थाचे शोध येत होते, आणि लेखात त्याबद्दल एक ओळही नव्हती. त्यावर अ‍ॅसिड ट्रीटमेंटचं, म्हणजे नळ्यांतून आम्ल सोडून क्षार काढण्याचं, वेगळं पान केलं. त्याचा आरपीएम खर्चाच्या पानापेक्षा कमी आहे. पण ठिबक आधीच बसवलेला माणूस तिथे येतो, आणि तिथून फिल्टर व विद्राव्य खतांच्या पानांवर जातो.