संमतीचा घटस्फोट: सही करण्याआधी
हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13-ब खाली अर्ज करायचा तर त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ती माफ करू शकतं.

घोळ होतो तो अटींच्या मसुद्यात. ‘पोटगीचं नंतर बघू’ असं मोघम अजिबात लिहू नका. रक्कम, तारीख, मुलांचा ताबा, भेटीचे वार, स्त्रीधनाची यादी, सगळं कागदावर हवं. हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून शेवटचा हप्ता कोर्टातल्या अंतिम तारखेलाच द्या.

दोघांत एकच वकील नको. वकीलपत्रावर सही करण्याआधी फी लेखी ठरवा. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.