शेवटच्या तीस फुटांचे कपडे

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी तिच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायचा खेळ. त्याला रविवारी पहिल्यांदाच येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "घालायचं काय?" त्यावर माझं ठरलेलं उत्तर, "ट्रेकचे कपडे घालू नका." मग समोरचा गोंधळतो, कारण टेकडीवर जायचं, डबी शोधायची म्हणजे ट्रेकच की. पण ट्रेकर पायवाटेवरून चालतो आणि आपण ती सोडतो. जीपीएस आपल्याला उघड्या माळावर तीन ते पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो, दाट झाडीत किंवा कड्याला चिकटून असलो तर त्याहून लांब. तिथून पुढे यंत्राचं काम संपतं आणि आपलं गुडघ्यांचं, कोपरांचं, बोटांचं सुरू होतं. दोन तास चालून आलेली माणसं शेवटच्या तीस फुटांत ओरबाडून घेतात, ती कपडे चालण्यासाठी घातलेले असतात म्हणून.

(हा खेळच अचूकतेतून जन्मला. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे 2000 च्या सुरुवातीला काढून टाकली आणि 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगनमध्ये एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तकं होती, गलोल होती, घेवड्याचा एक डबाही होता म्हणतात. आता जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबी पुरता येत नाही. तेव्हा फावडं, कुदळ आणि ती पेलायचे कपडे यादीतून आधीच बाद.)

तयारी आदल्या रात्री सुरू होते आणि ती कपाटापाशी नाही, फोनवर. प्रत्येक डबीच्या माहितीत दोन आकडे असतात, दोन्ही 1 ते 5 मधले. टेरेनचा आकडा सांगतो तिथवर पोचणं किती अवघड. 1 म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही जाता येईल, 5 म्हणजे दोर किंवा होडी असलं काही खास लागणार. दुसरा डिफिकल्टीचा, म्हणजे सापडणं किती अवघड. लोक टेरेन बघून बूट ठरवतात आणि दुसऱ्या आकड्याकडे कपड्यांच्या दृष्टीने बघतच नाहीत. खरं तर बाह्या, गुडघे आणि हातमोजे तोच ठरवतो. टेरेन दीड आणि डिफिकल्टी चार असेल, तर पाच मिनिटं चालून पाऊण तास रांगायचं आहे असं समजा. डबीचा आकारही बघून ठेवा. डबा जेवणाच्या डब्याएवढा असेल तर तो लांबून दिसतो. नॅनो असेल तर ती करंगळीच्या पेराएवढी असते आणि फटीत बोट घालावंच लागतं.

आता पायांपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. बूट नवे नकोत. सह्याद्रीतली जुनी ट्रेकर मंडळी महागड्या बुटांपेक्षा अ‍ॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर जीव टाकतात. रबरी तळ ओल्या कातळावर धरतो, एवढंच त्यामागचं कारण. पावसाळ्यात वॉटरप्रूफ बुटांचा मोह टाळा. ओढ्यात पाय गेला की पाणी वरून आत येतं आणि मग ते बाहेर पडत नाही. पाणी गळून जाणारा बूट बरा. घोटा झाकलेला असावा. फुरसं जेमतेम फूट-दीड फुटाचं असतं, दगडाच्या आडोशाला बसतं, आणि आपण नेमके असल्याच दगडांशी खेळायला निघालेलो असतो.

मोज्यांवर मात्र मी तासभर बोलू शकते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपलं मुसळ दिसत नाही, ही म्हण ज्याने केली तो नोव्हेंबरात कुसळी गवतातून गेलेला नसणार. त्याला कुसळ डोळ्यात नाही, पायात दिसलं असतं. या गवताच्या बीला पुढे अणकुचीदार टोक असतं आणि मागे लांब पिळदार शेपटी. शेपटी ओली झाली की उलगडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. म्हणजे ते बी स्वतःला स्क्रूसारखं आत फिरवत नेतं. मोज्याचा घाम त्याला पुरतो. उलट्या केसांमुळे मागे यायची सोय नाही. जाड, मऊ, टर्किश टॉवेलसारखे मोजे म्हणजे कुसळांसाठी गादीच. गुळगुळीत, घट्ट विणीचे मोजे घ्या आणि वरून काहीतरी निसरडं चढवा. बाजारात बुटावरून पोटरीला चढवायचे गेटर मिळतात. मी एका फाटक्या विंडचीटरच्या दोन्ही बाह्या कोपरापासून कापल्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घालून घेतलं आणि बुटाच्या वर पोटरीला चढवल्या. दिसतं अजागळ. पण गेल्या दिवाळीनंतर सगळे एका ओट्यावर बसून चिमट्याने मोजे वेचत होते, तेव्हा मी भडंग खात बसले होते.

पावसात आंबोली, कोयना, महाबळेश्वर या बाजूला जाणार असाल तर याच जागी जळवांचा विचार करायचा. पँट मोज्यात खोचा आणि मोज्यांवर तंबाखूची पूड किंवा मीठ लावा. हा गावातला जुना तोडगा आहे, पण पावसात धुऊन जातो. सोबत थोडी पुडीत ठेवा.

पँट लांब, आणि जीन्स नको. जीन्स कोरडी असताना काट्यांपासून चांगली राखते हे मान्य. पण एकदा भिजली की दिवसभर अंगावर ओलं पोतं, आणि उकिडवं बसताना गुडघ्यावर ताणते ती वेगळीच. पातळ पण घट्ट विणीची सिंथेटिक कापडाची पँट, एक माप ढगळ, गुडघ्यापाशी मोकळी. लेगिंग्ज घालून घाणेरीत शिरलेली एक मैत्रीण परत आली तेव्हा तिच्या मांड्यांवर नकाशा उठला होता. घाणेरीचे काटे बारीक आणि मागे वळलेले असतात, करवंदाच्या जाळीतले सरळ आणि मजबूत. दोन्ही ठिकाणी डबी लपवायला माणसांना भारी आवडतं. रंग फिकट असावा, कारण गोचीड फिकट कापडावर लगेच दिसते. दोडामार्ग, सावंतवाडीकडे हे नुसतं सौंदर्यशास्त्र नाही. तिथे माकडताप गोचिडींतूनच पसरतो.

आणि खिसे. बायकांच्या पँटला खिसे शिवणाऱ्याने आयुष्यात कधी काही उचललं नसावं. दोन बोटं जातील एवढा खिसा, त्यात फोन ठेवून वाकलं की फोन दरीत. चेनचा खिसा असलेलीच पँट घ्या. मिळाली नाही तर शिंप्याकडून मांडीवर एक शिवून घ्या. ते काम काही मोठं नाही. उजव्या चेनच्या खिशात फोन, डाव्यात पेन आणि चिमटा. चिमटा दोन कामांना लागतो, काटे काढायला आणि नॅनो डबीतली लॉगची, म्हणजे सापडल्यावर आपलं नाव लिहायच्या कागदाची, सुरळी ओढून काढायला. पेनाबरोबर शिसपेन्सिलीचा तुकडाही ठेवा. ओलसर झालेल्या लॉगच्या कागदावर बॉलपेन नुसतं ओरखडतं, पेन्सिल लिहिते.

वरचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा. बाह्यांना बटण असावं, कारण फटीत हात घातला की ढिली बाही आधी आत जाते आणि तिच्यात काय शिरेल सांगता येत नाही. कापडाबद्दल दोन मतं ऐकाल. पावसात सुती नको, ओलं राहतं, थंडी भरते. पण एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या उजाड टेकड्यांवर मी सुतीच घालते, वडिलांचा जुना फिकट शर्ट. घामाने ओला राहतो म्हणूनच अंग गार राहतं. हिवाळ्यात पहाटे निघायचं असेल तर आत एक पातळ स्वेटर, नऊ वाजता काढून कमरेला. यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही.

पावसासाठी विंडचीटर. पोंचो नको, करवंदीच्या जाळीत तो तुमच्यापेक्षा जास्त काळ राहतो. त्यासोबत एक छोटी घडीची छत्री. ट्रेकर हसतील, हसू द्या. लॉगवर नाव लिहिताना कागद कोरडा ठेवायला दुसरं काहीच इतकं कामाला येत नाही.

डोक्याला टोपी, पण समोरची झालर लहान. लांब झालर फांदीत अडकते आणि वर बघताना आड येते. गळ्याला पंचा असू द्या. ऊन, घाम, गुडघ्याखाली घडी, सगळ्याला तो पुरतो. ओढणी मात्र घरी. मंगळसूत्र शर्टाच्या आत, लोंबते कानातले काढून, केस घट्ट वेणीत. बांगड्या आणि अंगठ्या घरीच काढून ठेवायच्या, आणि याला कारण फक्त फांदी नाही. साप चावला तर हात सुजतो आणि मग अंगठी कापावी लागते. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हात हलवायचा नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. विंचवाचंही तसंच, मंत्राने विंचू उतरवणाऱ्याकडे थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसं उपयोगी पडतं ते दाखवून दिलं. औषध आहे, फक्त वेळेवर पोचायला हवं.

हातमोजे हा या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित ऐवज. वेल्डिंगचे नकोत, त्यात बोट कळत नाही. पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांतून तळव्याला रबर आणि पाठीला विणलेले हातमोजे स्वस्तात मिळतात, ते घ्या. त्यांनी फोनचा पडदा चालत नाही, म्हणून उजव्याच्या तर्जनीचं टोक मी कापून टाकलंय. आणि हातमोजा घातला तरी आधी काठी. फटीत आधी काठी फिरवायची, थांबायचं, मग हात. खाजकुयलीच्या शेंगा दिसल्या, त्या मखमली तपकिरी, हिवाळ्यात वेलीवर लोंबणाऱ्या, तर ती डबी कितीही जवळ असो, सोडून द्या. तिची लव अंगावर आली तर चोळायचं नाही. कपडे बदलायचे. म्हणून पिशवीत एक जादा शर्ट.

एक गोष्ट अंगाला लावायची नाही ती म्हणजे अत्तर, सेंट, वासाचं तेल. कड्याखाली आग्या मोहोळ लटकत असतं आणि त्याला उग्र वास खपत नाहीत.

गावातल्या, बागेतल्या डब्यांचे कपडे वेगळे. तिथे काट्यांपेक्षा माणसांची भीती. न खेळणाऱ्यांना या खेळात 'मगल' म्हणतात आणि त्यांच्या नजरेत न भरणं ही अर्धी तयारी. गेटर, हातमोजे, काठी घेऊन बाकाखाली डोकं घातलंत तर वॉचमन येणारच. रोजचे कपडे, हातात भाजीची पिशवी. पिशवी खाली ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकलं की कोणी बघत नाही. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत. पुण्यात दोन पावलांवर कॅन्टोन्मेंट असतं, सैनिकाचं सोंग घेणं हा गुन्हा आहे, आणि सोंग नव्हतं हे पटवण्यात रविवार जाईल. डबीला या खेळात 'कॅश' म्हणतात, त्यातून "कॅश शोधतोय" म्हणालात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. परदेशातून भावाने उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणून दिलं असेल तर तेही कमरेला लावून मिरवू नका. आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. साधा जीपीएस किंवा फोन पुरे. आणि किल्ल्यावर असाल तर तटाचा एकही दगड हलवू नका. दगड काढल्याशिवाय डबी मिळत नाहीये म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात.

पाठपिशवीच्या तळाशी चपला, कोरडे मोजे आणि एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी. परतताना बसमध्ये चढण्याआधी बूट-मोजे त्या पिशवीत, तोंड बांधून. मागे एकदा बांधलं नव्हतं. कुसळं शेजारच्या काकूंच्या साडीच्या काठाला लागली आणि स्वारगेटपर्यंत मी ती वेचत होते.

हे सगळं रात्रीच अंगावर चढवून बघा. सोफ्यापाशी उकिडवे बसा, एक गुडघा टेका, गाल जमिनीला लावून हात खांद्यापर्यंत सोफ्याखाली घाला आणि तसेच दोन मिनिटं राहा. शर्ट कमरेतून वर आला का, पँट कुठे काचली का, खिशातून काय पडलं, ते कळेल. गेल्या वेळी माझ्या खिशातून फोन पडला. पण सोफ्याखाली दोन महिन्यांपूर्वी हरवलेली स्कूटरची किल्ली मिळाली.